आधी वर्गणी, मग गाणी!

यवतमाळच्या माणसाला वर्गणी काही नवी नाही. भाद्रपदात गणपती, आश्विनात दुर्गोत्सव. पावतीपुस्तक घेऊन पोरे दारात उभी राहिली की घरचा कर्ता आधी चष्मा शोधतो, मग पाकीट. आणि दरम्यान आकडा थोडा खाली येईल काय, याचाही अदमास घेतो. पण समजा, हीच पोरे उद्या गिटार खांद्याला लावून आली आणि म्हणाली, "काका, आमची पहिली गाणी ध्वनिमुद्रित करायची आहेत. पाचशे रुपये द्या. तयार झाली की पहिली प्रत तुमची!" तर?

वाचकहो, हसू नका. रॉक संगीताच्या दुनियेत हा व्यवहार आता चांगलाच रुळला आहे. 'मॅरिलियन' नावाच्या इंग्रज वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८३ साली निघाली, ती ईएमआय या बड्या कंपनीच्या पैशावर. १९९५ पर्यंत तो आधार सुटला. १९९७ साली अमेरिकेतल्या चाहत्यांना कळले की, पैशाअभावी ही मंडळी तिकडे येऊ शकत नाहीत. चाहत्यांनी आपसातच सुमारे ६०,००० डॉलर जमवले आणि दौरा घडवला. तेव्हा वादकांना युक्ती सुचली. पुढची ध्वनिमुद्रिका तयार होण्याआधीच त्यांनी चाहत्यांना विचारले, आत्ताच पैसे द्याल का? बारा हजारांहून अधिक जणांनी न ऐकलेल्या गाण्यांचे मोल आगाऊ चुकते केले. २००१ साली ती निघाली, तेव्हा विशेष आवृत्तीच्या पुस्तिकेत या चाहत्यांची नावे छापलेली होती. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात, त्यातलाच प्रकार!

पण गोम अशी आहे, की मॅरिलियनपाशी वर्षानुवर्षे जमवलेला श्रोता होता. जो पहिल्यांदाच गातो आहे, त्याने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

याचे उत्तर आपल्याच घरात सापडते. १९१६ साली नागपुरात श्रीधर व्यंकटेश केतकर नावाच्या बत्तीस वर्षांच्या तरुणाने मराठी ज्ञानकोशाचा संकल्प सोडला. अमेरिकेची डॉक्टरेट गाठीला होती, पैसा नव्हता. त्यांनी मंडळी स्थापून तिचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले. ज्यांनी पैसे दिले, त्यांनी ज्ञानकोशाचे एक पानही पाहिलेले नव्हते. पाहिला होता तो फक्त समोर बसून बोलणारा माणूस. पुढे तेवीस खंड पुरे झाले, आणि या साऱ्या खटाटोपाचा इतिहासही केतकरांनी लिहून लोकांपुढे ठेवला.

रकमेचा आकडा लहान असला तरी चालतो, हे गुजरातच्या गवळ्यांनी दाखवले. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ साली श्याम बेनेगलांचा 'मंथन' पडद्यावर आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, नायिका आपली स्मिता पाटील!

आता नाण्याची दुसरी बाजू. अशा आगाऊ पैशांचा व्यवहार पाहणारी 'प्लेजम्यूझिक' ही लंडनची कंपनी २००९ साली निघाली आणि २०१९ साली बुडाली. चाहत्यांनी दिलेले पैसे कित्येक कलावंतांच्या हाती पडलेच नाहीत. देणाऱ्याने विश्वासाने दिले, गाणाऱ्याने घाम गाळला, आणि मधल्याच्या तिजोरीत सारे जिरले. म्हणून जे तरुण वर्गणी मागायला निघतील, त्यांनी वेगळे खाते उघडावे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे भाडे किती, आवाज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाचे किती, प्रती काढायला किती, हे एका कागदावर मांडावे. तारीख द्यावी, ती चुकली तर आपण होऊन कळवावे. आणि ठरलेली रक्कम जमली नाही, तर ज्याची त्याला परत करावी.

आपल्या जिल्ह्याचे काय? गाण्याला इथे तोटा नाही. आर्णीसारख्या गावी राहून सुधाकर कदमांनी मराठी गझल गावोगावी पोचवली. १९७३ साली माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने याच यवतमाळात भरली. पाहुण्यांच्या शब्दाचा आपण असा मान ठेवतो. मग घरच्या पोराच्या सुराने काय घोडे मारले आहे? त्याला पुण्या-मुंबईने शाबासकी दिली, की आपण हार घेऊन स्टेशनवर जातो. त्याआधी मात्र "हे ड्रम बडवून पोट भरते काय?" एवढेच विचारतो.

कापूस किती भावाने जाईल हे ठाऊक नसताना सरकी पेरणारा हा मुलूख. त्याला न ऐकलेल्या गाण्यावर पाचशे रुपये लावणे जड का जावे? गाणी आवडली नाहीत, तर तसे तोंडावर सांगण्याचा हक्कही वर्गणीदाराला आपोआप मिळतोच. आणि पहिल्यांदा गाणाऱ्याला तो सल्ला पाचशे रुपयांहून मोलाचा असतो.

पावती मात्र आठवणीने मागून घ्यावी.