दुर्बीण गच्चीवर, लगाम घरात

पाऊस कमी, ही बीड जिल्ह्याची जुनी तक्रार. पण इथल्या कोरड्या हवेची एक देणगीही आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत आकाश बहुतेक रात्री स्वच्छ असते. मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटावर गेले, की पवनचक्क्यांचे लाल दिवे सोडले तर चहूकडे तारेच तारे.

आमच्या घराला या आकाशाचा नाद लावला तो नववीतल्या थोरलीने. जुना डीएसएलआर कॅमेरा, छोटी दुर्बीण आणि मोटरवर फिरणारे माउंट, असे सामान आम्ही तीन वर्षांत वापरलेले बघून एकेक करून जमवले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. दुर्बीण स्थिर ठेवली तर काही सेकंदांतच फोटोत ताऱ्याची रेघ होते. माउंट तेवढ्याच वेगाने उलट फिरते, म्हणून तारा ठिपकाच राहतो.

अडचण सामानाची नव्हती, माणसांची होती. फोटो काढायचे तर दोन-तीन तास दुर्बिणीशेजारी थंडीत बसावे लागे. मुलीला रात्री घाटावर कशाला नेता, असे नातेवाईक विचारत. त्यात काळजी होती, हे आम्ही नाकारत नाही. अम्मींचे गुडघे तर जिनाही चढू देत नाहीत. मग आकाश बघायला जात ते घरातले पुरुष, आणि जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले ती सकाळी मोबाइलवर फोटो बघे. हे आम्हाला खटकत होते.

म्हणून ठरवले, दुर्बीण आपल्याच गच्चीवर ठेवायची आणि तिचा लगाम खाली घरात आणायचा. वीज मात्र बॅटरीचीच. एक तर लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि पुढे हेच सामान सगळ्यांनी मिळून मळ्यात न्यायचे मनात होते.

विजेचा हिशेब

पहिल्यांदा मोटारसायकलची १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासाची बॅटरी लावली. ती दोन तासही टिकली नाही. चूक आमचीच, मुलांना वर्गात विद्युतधारा शिकवणाऱ्यांनी घरी हिशेबच केला नव्हता. तो थोरलीने केला. मीटर लावून तिने वहीत लिहिले: माउंट ०.६ अँपिअर, छोटा संगणक ०.५, कॅमेरा ०.३, काचेवर दव धरू नये म्हणून गुंडाळलेली गरम पट्टी ०.६. बेरीज २ अँपिअर. गाडीची बॅटरी स्टार्टरला झटका देण्यासाठी बनवलेली असते. निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. ७ चे निम्मे साडेतीन, भागिले २, म्हणजे पावणेदोन तास. "हे आधी वहीत करायला हवं होतं," एवढेच ती म्हणाली.

मग लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. वजनाला हलकी, आणि तिचा ८० टक्के साठा निर्धास्त वापरता येतो. म्हणजे ९.६ अँपिअर-तास; पावणेपाच तासांची सोय. संगणकाला ५ व्होल्ट लागतात आणि कॅमेऱ्याला साधारण साडेसात, म्हणून दोन वेगळे कन्व्हर्टर जोडले. कॅमेऱ्यात खऱ्या बॅटरीच्या जागी तिच्याच आकाराची, वायर असलेली डमी बसते.

दोन गोष्टी विसरू नका. बॅटरीजवळ धन तारेवर ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. आणि बॅटरी तिपाईच्या पायाशीच ठेवा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरने ५ मीटरवरून २ अँपिअर नेले, तर जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. वायर आखूड आणि जाड बरी.

बिनतारी लगाम

एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय संगणक आम्ही दुर्बिणीवरच बांधला. त्यात केस्टार्स आणि एकोस ही मोफत सॉफ्टवेअर टाकली. हा संगणक स्वतःचे वाय-फाय तयार करतो. मोबाइल त्याला जोडला की दुर्बीण वळवणे, फोकस आणि फोटो, सगळे खालून होते. इंटरनेट लागत नाही. काढलेल्या फोटोतले तारे ओळखून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे, हेही तो सांगतो.

पहिल्या आठवड्यात तीन फजित्या झाल्या. वाय-फायवर इंटरनेट नाही असे बघून मोबाइल आपणहून डेटाकडे वळे. डेटा बंद केला. आमच्या मॉडेलमध्ये वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळ नाही, त्यामुळे चुकीच्या वेळेवरून दुर्बीण भलतीकडेच गेली. नाणेसेलवर चालणारे छोटे घड्याळ जोडले. आणि एकदा संगणक रीतसर बंद न करता वायर ओढली, तर मेमरी कार्डच बिघडले. स्लॅबमधून सिग्नल क्षीण होतो, म्हणून तिपाई जिन्याच्या दाराजवळ ठेवली आणि २.४ गिगाहर्ट्झ निवडले.

वर एकदा जावेच लागते, माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायला. बीडहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर दिसतो. आमची पाण्याची टाकी नेमकी आड येत होती, म्हणून जागा थोडी सरकवली.

अम्मींच्या पलंगावर

जानेवारीत एका रात्री इशानंतर थोरलीने अम्मींच्या पलंगावर बसून दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवली. ३० सेकंदांचे ६० फोटो एकावर एक रचले, तेव्हा पडद्यावर मृगातला तेजोमेघ गुलाबी उमलला. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा हिजरी सनाची सुरुवातीची शतके चालू होती.

अम्मी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरैया दाखव." सुरैया म्हणजे कृत्तिका. तिच्यामागून येणाऱ्या रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरान म्हणतात; मूळ अरबी शब्द अद-दबरान, म्हणजे पाठोपाठ येणारा. मृगाच्या पायाचा रायजेल म्हणजे अरबीतला रिज्ल, पाय. देवयानी दीर्घिकेची 'छोटा ढग' अशी नोंद इ.स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी आपल्या तारकाग्रंथात केली, तीही दुर्बिणीविना. थोरलीने हे सगळे आजीला सांगितले, आणि आजीने तिला लहानपणी अंगणातून दाखवलेल्या ताऱ्यांची नावे सांगितली.

एवढे सामान प्रत्येक घराने घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. चार घरे किंवा एक शाळा मिळून ते सहज घेता येईल. मात्र घेताना एक विचार करा: घरातले कोण आजवर वर येऊ शकले नाही? लगाम आधी त्यांच्या हातात द्या.