वऱ्हाडातला घरगुती समुद्र आणि गोड्या पाण्याचा हिशेब

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात क्षारांचे प्रमाण बिघडते ते बहुतेक वेळा उडून गेलेल्या गोड्या पाण्यामुळे. मुंबईच्या दमट हवेत ही गोष्ट एखादा आठवडा नजरेआड झाली तरी निभावते. वऱ्हाडात ती दोन दिवसही नजरेआड करता येत नाही. मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पुढे आणि पुलगावच्या अलीकडे असलेले धामणगाव रेल्वे समुद्रापासून रेल्वेने सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. मे महिन्यात या भागातला पारा ४४–४५ अंश सेल्सिअसला टेकतो, दुपारची हवा अगदी कोरडी असते, आणि जूनमध्ये पाऊस लागला की तीच हवा थोड्या दिवसांत ओलीचिंब होते. काचेच्या टाकीत समुद्र राखू पाहणाऱ्याला येथे समुद्र विकतच्या मिठापासून घडवावा लागतो आणि मग या हवेपासून तो जपावा लागतो.

एक किलो समुद्रजलात विरघळलेल्या सर्व क्षारांचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या पाण्याची क्षारता. जगातील महासागरांत ती सरासरी ३५ असते आणि दर हजारी ३५, म्हणजेच ३५‰, अशी लिहिली जाते. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक आणि नद्यांचे पाणी कमी, म्हणून तेथे ती काही भागांत ३६ च्या वर जाते. उलट गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी ज्यात रिकाम्या होतात त्या बंगालच्या उपसागरात ती कमी राहते. तथापि पाणी पातळ असो वा दाट, खुल्या समुद्रात निरनिराळ्या मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सारखेच असते. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये हे भक्कमपणे दाखवून दिले. ३५ ग्रॅमपैकी क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. मत्स्यालयासाठी विकले जाणारे सागरी मीठ याच प्रमाणात, सूक्ष्म घटकांसह, सिद्ध केलेले मिश्रण असते; एक लिटर शुद्ध पाण्याला ते साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते.

हे प्रमाण ध्यानात घेतले की स्वयंपाकघरातले मीठ या कामी का चालत नाही ते उलगडते. उरण-पेणच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवताना आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसते, पुढे बोमे मापावर पाणी सुमारे २५ अंश दाट झाले की मिठाचे खडे धरू लागतात, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते, जे मीठ पिकवणारे आगरी सोडून देतात. म्हणजे मीठ समुद्रातूनच आलेले असले तरी ते पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. हरियाणातील खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याच्या प्रयत्नांतूनही हाच धडा मिळाला: पाण्याची एकूण क्षारता कोळंबीला पुरेशी होती, पण पोटॅशियम फार कमी असल्याने ती जगत नव्हती, आणि ते बाहेरून घातल्यावरच पीक हाती येऊ लागले.

वऱ्हाडाला खारे पाणी नवे नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव अशा तालुक्यांत पसरलेला खारपाणपट्टा पिढ्यान्‌पिढ्या पिण्याच्या पाण्याचे दुखणे सोसत आला आहे. धामणगाव वर्धेच्या खोऱ्यात असल्याने या पट्ट्याबाहेर पडते. पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी जिभेला खारट लागले तरी त्यातली सोडियम आणि बायकार्बोनेटची जोडी समुद्राच्या प्रमाणाशी जुळत नाही, म्हणून त्यात थोडे मीठ वाढवून सागरी टाकी भरण्याचा विचार कोणीही करू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तर तीव्र अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीत शोधले, आणि त्या वाढीमागे उन्हाळ्यात घटलेली पातळी व त्यामुळे वाढलेली क्षारता होती. तेथे मीठ कोणी टाकले नव्हते. पाणी तेवढे उडाले होते.

घरातल्या टाकीत हेच लहान प्रमाणात, पण अधिक वेगाने घडते. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद, म्हणजे साधारण १२० बाय ४५ सेंटिमीटरची टाकी घेतली आणि दगड-वाळू वजा जाता तीत २०० लिटर पाणी धरले, तर तीत ७ किलोच्या आसपास क्षार असतात. पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे ५.४ लिटर पाणी गेले. क्षार सगळे मागेच राहिले, म्हणून ३५ ची क्षारता जवळपास ३६ झाली. या आकाराच्या टाकीच्या काचेवर लावलेली साधी पट्टी म्हणजे एक उपकरणच आहे: एक सेंटिमीटर, एक एकक. वैशाखातल्या कोरड्या खोलीत पंखा सुरू असेल तर एवढा उतार होण्यास फार दिवस लागत नाहीत.

उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने करणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते, आणि बोअरच्या पाण्याने करणे ही जाणत्याचीही. दुसरीचे परिणाम उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या कूलरवर दिसतात: रोज पाणी उडते, रोज नवे पाणी आपले क्षार घेऊन येते, आणि मेअखेरीस ताट्या पांढऱ्या खरपुड्यांनी कडक होतात, पंपाच्या जाळीवर थर चढतो. समजा भरपाईच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि रोज २ लिटर घालावे लागतात, तर तीन महिन्यांत टाकीत शंभरावर ग्रॅम परके क्षार साचतात. खारपाणपट्ट्यातले लिटरला ३,००० मिलिग्रॅमचे पाणी असेल तर हा आकडा अर्ध्या किलोच्या वर जातो, आणि क्षारतेच्या वाढीपेक्षाही वाईट म्हणजे घटकांचे प्रमाण मोडते. म्हणून भरपाई आर.ओ.च्या, शक्य तर त्यानंतर आयन-विनिमय राळेतूनही गाळलेल्या पाण्यानेच करावी. आर.ओ. बसवणाऱ्यांकडे असतो तो टीडीएस मीटर हे पाणी तपासण्यास उत्तम. खुद्द टाकीचे ३५,००० मिलिग्रॅमचे पाणी मात्र त्याच्या पल्ल्याबाहेरचे असते.

एवढा काटेकोरपणा ज्यांच्यासाठी करायचा त्या जिवांची शरीररचना पाहिली की त्याची गरज पटते. समुद्री माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे परासरणाने, म्हणजे पातळ द्रावातले पाणी पडद्यातून दाट द्रावाकडे ओढले जाण्याच्या क्रियेने, त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जात राहते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील खास पेशींवाटे बाहेर टाकतो. या उलाढालीला ऊर्जा लागते, आणि क्षारता चढली की तो भार वाढतो. प्रवाळ आणि तारामासे यांच्याकडे अशी यंत्रणा जवळपास नसते. त्यांच्या अंगातले द्रव बाहेरच्या पाण्याबरोबर दाट-पातळ होतात, म्हणून अचानक झालेला बदल मासा सोसून नेतो तेथे तारामासा दगावतो. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते कोणी विकावयास आणले तरी घेऊ नयेत. हौशी माणसाने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विकसित झालेल्या तंत्राने हॅचरीत पैदा केलेल्या विदूषक माशांपासून सुरुवात करावी, हे सर्वांत योग्य.

मोजणीची साधने तीन प्रकारची मिळतात. तरंगती काचनळी, म्हणजे हायड्रोमीटर, दुधाच्या लॅक्टोमीटरच्याच तत्त्वावर चालते. २५ अंशांना ३५‰ पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. परंतु गरम पाणी हलके असते, आणि २५ अंशांसाठी आखलेली नळी ३० अंशांच्या पाण्यात क्षारता सुमारे २ एककांनी कमी दाखवते. तेवढ्यावर विसंबून कोणी मीठ वाढवले तर नसलेला दोष दुरुस्त करताना खरा दोष निर्माण होतो. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता सांगतो: काचेवर दोन थेंब टाकून झाकण लावावे, बुडबुडा राहू देऊ नये, अर्धा मिनिट थांबून मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमेवरचा आकडा वाचावा. पुष्कळशी स्वस्त साधने मात्र साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि खऱ्या ३५ ला सुमारे ३६.५ दाखवतात. त्यामुळे शुद्ध पाण्यावर शून्य जुळवणे पुरेसे नसते. ३५‰ च्या प्रमाणित द्रावावर, किंवा ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवून, ३५ चा आकडा जुळवावा. तिसरे साधन विद्युतवाहकता मोजते. ते महाग, पण नीट राखल्यास सर्वांत भरवशाचे.

ऋतुमान या साऱ्याला वळण देते. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा सोडून टाकी थंड करतात, आणि ती होतेही, कारण एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेते तेवढीने २०० लिटर पाणी तत्त्वतः ३ अंशांनी थंड होऊ शकते. पण प्रत्येक अंशाची किंमत गोड्या पाण्यात चुकवावी लागते, म्हणून पंखा आणि भरपाई ही एकच व्यवस्था मानावी. टाकीखालच्या संपात, म्हणजे जोडटाकीत, बसवलेला फ्लोट थोडे-थोडे पाणी आपोआप सोडतो; त्याची पुरवठ्याची बादली मात्र एक-दोन दिवसांपुरतीच ठेवावी, म्हणजे फ्लोट अडकला तरी सगळी टाकी पातळ होणार नाही. पावसाळ्यात गणित उलटते: पाणी उडेनासे होते, तर प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र, खारे पाणी बाहेर टाकतच राहते आणि त्याच्या जागी गोडे पाणी येते, त्यामुळे क्षारता नकळत उतरते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, कोरड्या रात्री हीटर चालू असतो आणि कोमट पाणी पुन्हा वेगाने उडते.

बिघाड सापडला तरी घाई करू नये. मोजण्याआधी पाणी नेहमीच्या खुणेपर्यंत भरून, तासभर फिरू द्यावे. त्यानंतरही २०० लिटरच्या टाकीत आकडा ३८ आला तर सुमारे १६ लिटर टाकीचे पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घातल्यास तो ३५ वर येतो. हे दोन-तीन दिवसांत विभागावे, आणि क्षारता वाढवायची असेल तर त्याहून सावकाश जावे, कारण वाढ सोसणे जिवांना घटीपेक्षा जड जाते. बदलाचे नवे खारे पाणी आदल्या दिवशी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात पंप लावून कालवावे. मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये.

राहतो प्रश्न काढलेल्या पाण्याचा. पंधरवड्याला २० लिटर पाणी बदलले तरी वर्षाकाठी साधारण १७ किलो क्षार घराबाहेर जातात. हे पाणी परसातल्या झाडांना किंवा विहिरीच्या काठाशी ओतू नये, कारण सोडियम काळ्या जमिनीतली चिकणमाती फुगवून तिचा निचरा बंद करतो, आणि खारपाणपट्ट्यातले शेतकरी याच दोषाशी झगडत आले आहेत. ते सांडपाण्याच्या नाल्यातच, घरातल्या इतर भरपूर पाण्याबरोबर सोडावे.