आभासी रंगभूमी आणि नाट्यप्रकाराची निवड

नाटक बसवावयाचे ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणत्या प्रकारचे नाटक घ्यावे हा. रंगमंच फळ्यांचा नसून संगणकाने निर्मिलेल्या आभासी जगातला असेल, तर या प्रश्नाचा विचार मुळापासून करावा लागतो. तेथे नट आपापल्या घरी बसलेले असतात व त्यांच्या प्रतिमा रंगमंचावर वावरतात. या प्रतिमांना इंग्रजीतही ‘अवतार’ हा आपलाच शब्द रूढ झाला आहे.

भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. पैकी आहार्य, म्हणजे वेषभूषा, येथे विपुल. नेपथ्याचेही तेच, राजवाडा क्षणात उभा राहतो आणि क्षणात समुद्रात बुडतो. आंगिक बेताचेच. सात्त्विक तर जवळजवळ नाहीच; थरथरणारा ओठ वा डोळ्यांत तरळणारे पाणी सामान्य अवताराला कोठून आणावे? वाचिकाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. आवाज इंटरनेटवरून पोचण्यास क्षणाचा काही अंश लागतो, आणि हा विलंब सर्वांचा सारखा नसतो. स्वगताला त्याचा उपद्रव नाही. परंतु खटकेबाज संवादांची लय बिघडते आणि समूहगान तालात राहत नाही. त्यामुळे संगीत नाटक प्रथम बाद करावे लागते, हे आम्हां गोमंतकीयांना लिहितानाही जड वाटते!

मग घ्यावे काय? नाट्यशास्त्रातील दहा रूपकांत ‘डिम’ नावाचा एक प्रकार आहे. देव-दानवांची पात्रे, माया, इंद्रजाल, उल्कापात, ग्रहणे, युद्धे हा त्याचा विषय; ‘त्रिपुरदाह’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शृंगार व हास्य हे दोन रस त्यात वर्ज्य आहेत. आता पाहा, शृंगाराला कटाक्ष हवा आणि हास्याला अचूक वेळ हवी. नेमक्या याच दोन गोष्टी आभासी रंगमंचाला साधत नाहीत. आकाशात तीन नगरे जळताना दाखविणे मात्र त्याला सहज जमते. दुसरा सोयीचा प्रकार ‘भाण’. त्यात एकच नट अदृश्य व्यक्तींशी बोलतो, त्यामुळे विलंबाचा प्रश्नच उरत नाही.

अलीकडच्या प्रयोगांतही हीच दिशा दिसते. 2020 मध्ये शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’चा एक आभासी प्रयोग झाला. वादळे आणि जादू यांनी भरलेले ते नाटक एकच नट प्रॉस्पेरो होऊन मूठभर प्रेक्षकांना घेऊन उभे करी. प्रेक्षकांच्या अवतारांना वाचा नसे.

शोकांतिका वर्ज्यच, असे मात्र समजू नये. 2021 च्या टाळेबंदीत नाट्यगृहे बंद पडून बेकार झालेले सॅम क्रेन व मार्क उस्टरव्हीन हे दोन इंग्रज नट ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मारामारीच्या खेळात ‘हॅम्लेट’ बसवू लागले. तालमी चालू असता अनोळखी खेळाडू येऊन नटांवर गोळ्या झाडीत. 2022 मध्ये प्रयोग झाला, आणि 2024 मध्ये त्यावरील माहितीपट लोकांपुढे आला. त्या जगात मृत्यू कोणत्याही क्षणी, कारणावाचून येत असे. मृत्यूवरच खिळलेल्या या नाटकाला तसले जग प्रतिकूल न ठरता पोषक ठरले. तेथे एखादे कौटुंबिक नाटक घेतले असते, तर पहिल्याच गोळीला प्रेक्षक हसले असते.


म्हणून संहिता हाती घेण्यापूर्वी त्या जगात चार दिवस फिरून यावे. तेथे रात्र होते काय, प्रेक्षकांना रंगमंचावर चढता येते काय, अवतार पडल्यावर उठतो कसा, हे टिपून ठेवावे. नाटकाचा प्रकार त्यानंतर ठरवावा.