रूळ कोणाचे, रखवाली कोणाची?

डोंबिवलीच्या घराघरांतून सकाळचें खरें घड्याळ म्हणजे लोकल. घरांतील कोणी ना कोणी रोज त्या गर्दींत शिरतो आणि तो परत येईपर्यंत वडीलधाऱ्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. तेव्हां या रेल्वेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न केवळ वकिलांचा नव्हे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. त्या वेळीं ती जी. आय. पी. या विलायती कंपनीची होती. भागधारकांस पांच टक्के व्याजाची हमी सरकारची; म्हणजे तूट आल्यास ती भरावयाची येथील रयतेनें! १८९० च्या कायद्यानें सरकारनें रेल्वेवरील नियंत्रण दृढ केलें आणि १९२५ सालीं या रेल्वेचा कारभारच हातीं घेतला.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें रेल्वे हा विषय केंद्राच्या यादींत घातला. तें योग्यच झालें. प्रत्येक राज्यानें निराळे नियम केले, तर कल्याणहून सुटलेली गाडी काशीस पोंचावी कशी? परंतु त्याच घटनेनें पोलीस हा विषय, रेल्वे पोलिसांसह, राज्याकडे ठेविला.

या विभागणीचा अर्थ नुकताच प्रत्ययास आला. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून कांहीं प्रवासी दगावले. पुढें लोहमार्ग पोलिसांनीं रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला, व रेल्वे कर्मचाऱ्यांनीं त्याविरुद्ध आंदोलन केलें. दोष कोणाचा, हें न्यायालयानें ठरवावें. आपण ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, केंद्राचा नोकरहि राज्याच्या तपासाबाहेर नाहीं. केंद्रसत्तेची ही मर्यादा प्रजेच्या हिताचीच आहे.

मात्र नुसत्या मर्यादा आंखून काम भागत नाहीं. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ सालीं उतरविला. नवा खुला होण्यास २०२१ उजाडलें. खालचे रूळ एकाचे, वरचा रस्ता दुसऱ्याचा. केंद्र व राज्य यांनीं भागीदारीनें १९९९ सालीं मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन स्थापन केलें, तें अशीच सांगड घालण्यासाठीं.

एकत्र कुटुंबांत कामें वांटलेलीं असतात. पण मूल पडलें तर पाळी कोणाची होती, हें विचारीत कोणी बसत नाहीं. त्यास आधीं उचलतात. दिल्ली आणि मुंबई या दोहोंकडून प्रवाशाची अपेक्षा याहून मोठी नाहीं.