पहिल्यांदाच, एकट्याने जपान (लेखांक ३) : रस्सा कशाचा, ते आधी विचारा

पारनेर तालुक्यातलं सुपे आता भारतातल्या जपानी औद्योगिक वसाहतींच्या यादीत आहे. प्रशिक्षण, शिक्षण, नोकरी किंवा नुसती हौस म्हणून जपानला जाणं नगर जिल्ह्यातल्या घरांना पूर्वीइतकं दूरचं वाटत नाही. गेल्या दोन लेखांत आपण व्हिसा, तिकीट आणि मुक्काम पाहिला. पण तिकीट हातात आलं तरी आईचा प्रश्न कायमच असतो : पोरगी एकटी तिथे जेवणार काय?

त्यातल्या ‘एकटी’ या शब्दाची काळजी आधी सोडा. एकट्याने जेवणाऱ्या माणसाची जपानइतकी सोय फार थोड्या देशांत असेल. रामेनच्या दुकानात भटारखान्यासमोर लांब फळी असते आणि तिच्यापुढे ओळीने स्टुलं. ‘इचिरान’सारख्या दुकानांत तर दोन खुर्च्यांच्या मध्ये लाकडी आडोसाही असतो. अनेक ठिकाणी दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, चिठ्ठी आणि सुटे घ्यायचे आणि चिठ्ठी आचाऱ्यापुढे ठेवायची. भाषा येत नसली तरी जेवण मिळतं. ‘तुम्ही एकटेच का?’ असं कुणी विचारत नाही. टीप ठेवायची नसते. ठेवलीत तर पैसे विसरले म्हणून वेटर मागे धावत येण्याचा संभव जास्त.

खरा प्रश्न आहे तो ‘काय’ या शब्दाचा, आणि माळकरी किंवा शाकाहारी घरातल्यांनी तो नीट समजून घ्यायला हवा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे कात्सुओ हा मासा शिजवून, धुरावर वाळवून, लाकडासारखा कडक करून काढलेला कीस, यांचं हे पातळ पाणी. १९०८ साली किकुनाए इकेदा या टोकियोतल्या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बुच्या याच पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. ही दाशी मिसो सूपमध्ये असते, सोबा नूडल्सच्या सॉसमध्ये असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते आणि तळलेल्या टोफूवर ओतलेल्या रश्शातही असते. ताटात मासा दिसत नाही, वासही फारसा जाणवत नाही. ‘फक्त भाजी आहे’ असं सांगणारा दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच.

पाकिटावरच्या लेबलावरही विसंबू नका. अंडी, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी अशा अ‍ॅलर्जीच्या काही पदार्थांची नोंद तिथे सक्तीची आहे. कात्सुओ त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी मोबाइलच्या भाषांतर कॅमेऱ्याने वाचायची. शिवाय जपानी लिपीत एक कार्ड छापून न्या : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस्.’ मांस आणि मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, एवढंच त्यात सांगायचं. ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर भागत नाही.

मटण खाणारे पण गोमांस न खाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी तीन शब्द पाठ करावेत : ग्यू म्हणजे गाईचं, बुता म्हणजे डुकराचं, तोरी म्हणजे कोंबडीचं. योशिनोया, सुकिया ही स्वस्त जेवणाची दुकानं चौकाचौकात आहेत. तिथली मुख्य थाळी ग्यूदोन म्हणजे गोमांस-भातच आहे. जपानी करीच्या तयार मसाला-वड्यांतही बहुधा प्राण्यांची चरबी असते.

मग पोट भरायचं कसं? सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही चोवीस तास उघडी दुकानं म्हणजे एकट्या प्रवाशाचा मोठा आधार. तिथे ओनिगिरी, म्हणजे भाताचा तिकोनी गोळा मिळतो. खारवलेल्या आंबट उमेबोशीचा घ्या, पण घटकांची यादी वाचूनच. वेष्टनावर १, २, ३ आकडे असतात. एकची पट्टी वरून खाली, पाठीमागून फिरवून पूर्ण ओढायची, मग दोन आणि तीनचे कोपरे दोन्ही बाजूंना. शेवाळाचा पापुद्रा प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये कोरडा ठेवलेला असतो. या क्रमाने उघडलं तरच तो कुरकुरीत राहून भाताला बसतो. टोकियोत जिवाला घरचं हवंसं झालं तर निशी-कासाईला जा. साधारण २००० नंतर संगणक क्षेत्रातली भारतीय कुटुंबं तिथे स्थिरावली, आणि त्याच एदोगावा विभागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक सभागृहावर निवडून आले. डाळ, पीठ, मसाले तिथे सहज मिळतात.

माझा आग्रह मात्र एकाच जागेचा : वाकायामा प्रांतातला कोयासान. नवव्या शतकात कुकाई या भिक्षूने वसवलेल्या या डोंगरावरच्या मठांत आजही प्रवाशांना मुक्काम मिळतो आणि जेवायला ‘शोजिन र्योरी’ म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण असतं. तिथली दाशी कोम्बु आणि वाळलेल्या शिताके मशरूमची. तरी खोली ठरवताना विचारून खात्री करा. इथल्याच कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. मराठी माणसाने तिथे जायला हे एवढं कारणही पुरेसं आहे.

जेवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. भातात काड्या उभ्या खोवू नका. तसा भात मृतापुढे ठेवतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. अंत्यविधीनंतर अस्थी तशा उचलतात. नूडल्स सुरसुर आवाज करत खाल्ल्या तर मात्र कुणाला गैर वाटत नाही.

खरेदीचं थोडक्यात. कापडबाजारातली घासाघीस इथेच ठेवून जा. तिथे लिहिला तो भाव. पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवायचे. मैत्रिणींना द्यायच्या वस्तूंसाठी दायसोसारखी शंभर येनची दुकानं उत्तम. कर धरून बहुतेक वस्तू ११० येनला पडतात. मोठ्या दुकानांच्या तळघरातल्या खाद्यविभागात संध्याकाळी सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात, तेव्हा जा. एका दुकानात एका दिवशी कर सोडून ५,००० येन किंवा जास्त खरेदी झाली तर पर्यटकांना १० टक्के उपभोग कर माफ होतो, पण त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते आहे : आधी कर भरायचा आणि देश सोडताना वस्तू दाखवून परत घ्यायचा. त्यानंतर जाणाऱ्यांनी तेवढे पैसे हाताशी जास्त ठेवावेत. रस्त्यावर कचरापेट्या फारशा नसतात, म्हणून एक रिकामी पिशवी खिशात असू द्या.

पुढच्या लेखात रेल्वे, सुइका कार्ड आणि सार्वजनिक स्नानगृहातले नियम. तोवर ते जपानी लिपीतलं कार्ड छापून पासपोर्टमध्ये ठेवा.