भुताच्या बुरख्याआड कोण?

लहान मुलांना थोडी भीती हवीच असते, फक्त ती वाटताना आईबाबांचा हात जवळ हवा. 'स्कूबी-डू! अँड बॅटमॅन: द ब्रेव्ह अँड द बोल्ड' (२०१८) हा साधारण सव्वा तासाचा कार्टूनपट त्यासाठी अगदी योग्य आहे.

स्कूबी-डूची टोळी १९६९ पासून टीव्हीवर भुतांचा माग काढते आहे. बॅटमॅनचा जन्म १९३९ चा. १९७२ च्या एका कार्टून मालिकेत त्यांची गाठही पडली होती. या सिनेमात ते पुन्हा एकत्र येतात आणि समोर उभं राहतं लाल झग्यातलं भूत, 'क्रिमसन क्लोक'. बॅटमॅनला न सुटलेल्या एका जुन्या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे.

मला आवडलं ते इथे. जुनं अपयश सुपरहिरोलाही छळतं, हे मुलांना दिसतं. शॅगी आणि स्कूबी घाबरून पळतात, पण मित्रांना सोडून जात नाहीत. व्हेल्मा शांतपणे पुरावे जुळवते. आम्ही सॉफ्टवेअरवालेही चूक शोधताना हेच करतो. 'आपोआप झालं' हे उत्तर चालत नाही, कारण सापडावंच लागतं.

"बागुलबुवा येईल" म्हणत आपण मुलांना गप्प बसवतो. हा सिनेमा सांगतो, जवळ जा आणि बुरखा ओढून बघ.

शेवट सांगत नाही. मुलांच्या शेजारी बसून बघा, आणि मध्येच थांबवून विचारा, "बुरख्याआड कोण असेल, आणि कशावरून?" त्या 'कशावरून'चं उत्तर शोधताना भीती कधी पळाली, ते त्यांनाही कळणार नाही.