एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.साठी लॅपटॉप घेताय? आधी हे पाहा

पदवीचा निकाल लागला, पुढच्या वर्गात प्रवेश झाला, की घरात पहिला प्रश्न फीचा आणि दुसरा लॅपटॉपचा. पदवीपर्यंत मोबाईलवर नोट्स वाचून आणि कॅफेत प्रोजेक्ट टाईप करून कसंबसं निभावतं. पुढे निभावत नाही. शोधनिबंध, आकडेवारी, प्रेझेंटेशन, संदर्भ शोधणं हे रोजचं काम होतं. एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं. पीएच.डी.ला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि साधारण सहा वर्षांची मुदत असते. तेवढा काळ ही वस्तू चालायला हवी, कारण बहुतेक घरांत दुसऱ्यांदा पैसे काढणं शक्य नसतं.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे जुने विद्यार्थी आणि त्यांचे अब्बा-अम्मी या दिवसांत विचारायला येतात, "कोणत्या कंपनीचा घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "बिघडला तर तुमच्या गावात दुरुस्त कोण करणार?" कंपनी कोणतीही असो, तिचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे खरेदीआधी पाहा. रत्नागिरी, बीड किंवा मालेगावच्या मुलीने परीक्षेच्या महिन्यात लॅपटॉप पार्सल करून मुंबईला पाठवायचा आणि तीन आठवडे वाट पाहायची, याला अर्थ नाही. घरी येऊन दुरुस्ती करणारी, म्हणजे ऑनसाइट वॉरंटी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी. साधी वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते आणि पडणं, पाणी सांडणं तिच्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एकाच कंपनीचे घरगुती लॅपटॉप वेगळे आणि ऑफिससाठी बनवलेले वेगळे. लेनोवोची थिंकपॅड, डेलची २०२५ पर्यंतची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक या ऑफिसच्या मालिका. दिसायला साध्या, काळ्या-करड्या. पण यांच्या बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड टिकाऊ, उघडून भाग बदलायची माहितीपुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर मोफत, आणि सुटे भाग बाजारात सहज मिळतात. दिवसाला पाच तास टाईप करणाऱ्याला याचा फरक पडतो. चकचकीत झाकण आणि रंगीत दिव्यांच्या कीबोर्डाने प्रबंध लिहून होत नाही.

आता आकड्यांकडे. 'आय७ आहे' म्हटलं की लोक खूश होतात. नुसत्या आय७ ला काही किंमत नाही, पिढी पाहा. इंटेलच्या आय५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-१२३५यू मधले १२ म्हणजे बारावी. पातळ लॅपटॉपमधल्या सातव्या पिढीच्या आय७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय३ जास्त कामाचा. एएमडीचं कोडं आणखी अवघड. रायझन ५ ७५२०यू हे नाव ७ पासून सुरू होतं म्हणून नवं वाटतं, पण त्या मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो, आणि तिथला २ म्हणजे २०१९ सालची रचना. टायपिंगला तो चालेल. नव्याचा भाव मात्र देऊ नका.

हे पाहायचं आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार आहेत. तो लॅपटॉप आज सुरू होईल, पण पुढची मोठी अपडेट कधी अडेल याचा भरवसा नाही. आठवी पिढी ही अगदी काठावरची हद्द आहे, म्हणून जुना घेताना दहावी-अकरावी मिळते का ते आधी पाहावं.

रॅम १६ जीबी घ्या. बजेट बसत नसेल तर ८ घ्या, पण एक स्लॉट रिकामा आहे ना हे विचारून. हल्ली पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साठवणीला एसएसडीच हवी, ५१२ जीबी असली की पुरे. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असलेलं मशीन घेऊ नका, आणि अगदी स्वस्त मॉडेलमधल्या ६४ जीबी ईएमएमसीच्या वाटेला जाऊ नका. ती विंडोजनेच भरून जाते.

पैसे कमी असतील तर आम्ही नवा स्वस्त लॅपटॉप घेण्यापेक्षा चांगला सेकंडहँड घ्या म्हणतो. मोठ्या कंपन्या आणि बँका तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा विकतात. तेच साफसूफ होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. पण डोळे उघडे ठेवून घ्यावेत. दुकानातच मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि बायोसमध्ये जाऊन पाहा. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन जुन्या मालकाच्या कुलपात आहे, हात लावू नका. विंडोज सुरू होताना एखाद्या कंपनीचं नाव दाखवून तिचा ईमेल मागत असेल तरी तेच. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' टाईप करा. एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. झाकण हळूहळू उघडून बिजागरी कुरकुरते का पाहा, कीबोर्डची सगळी बटणं एकदा दाबा, कॅमेरा, माईक आणि प्रत्येक यूएसबी तपासा. मशीनच्या अनुक्रमांकासह पक्की पावती घ्या. पावती न देणाऱ्याचा माल चोरीचाही असू शकतो. ओळखीचा असला तरी पावती हवीच, यात कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

विषयाप्रमाणे थोडा फरक पडतो. उर्दूत एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. इनपेज विंडोजवर चालतं, मॅकवर थेट चालत नाही. भावाने परदेशातून मॅकबुक पाठवलं म्हणून आनंद होतो आणि मार्गदर्शक इनपेजची फाईल मागतात तेव्हा अडतं. आमचा सल्ला असा की प्रबंध युनिकोडमध्ये लिहावा, वर्डमध्ये नस्तालिक फॉन्ट लावून. तो मराठी मजकुराबरोबर एकाच फाईलमध्ये बसतो आणि उद्या दुसऱ्या मशीनवरही उघडतो. भूगोलवाल्यांना आर्कजीआयएस प्रो लागलं तर तेही विंडोजवरच. क्यूजीआयएस मात्र मोफत आणि सगळीकडे चालतं. संख्याशास्त्राला आर मोफत आहे, संदर्भ सांभाळायला झोटेरो मोफत आहे. डेटा सायन्सच्या नावाखाली महागडा गेमिंग लॅपटॉप मागणाऱ्या चिरंजीवांना गूगल कोलॅबबद्दल विचारा. शिकण्यापुरतं जड काम तिथे ऑनलाइन होतं. आमच्या पाहण्यात असं फार येतं की लॅपटॉप धाकट्या भावाच्या खेळाच्या हिशेबाने घेतला जातो आणि एम.एस्सी. करणाऱ्या बहिणीला तो रात्री अकरानंतर मिळतो. ज्याचं शिक्षण, त्याच्या गरजेने मशीन घ्या आणि त्याच्याच ताब्यात द्या.

किंमत विचारताना विंडोज खरं आहे का, ऑफिस कायमचं आहे की महिनाभराचं, हेही विचारा. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. त्यातून व्हायरस येतात. लिब्रेऑफिस मोफत आहे.

हप्त्यांबद्दल बरेच पालक विचारतात, कारण व्याज टाळायचं असतं. 'नो कॉस्ट ईएमआय'चा हिशेब समजून घ्या. लॅपटॉप ४८,००० चा, बारा हप्ते, क्रेडिट कार्डावर. दुकान ३,००० ची सूट दाखवतं, म्हणून कर्ज ४५,००० चं होतं. बँक त्यावर सुमारे ३,००० व्याज लावते. एकूण पुन्हा ४८,०००. म्हणजे व्याज असतं, सूट त्याला झाकते. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४० रुपये, आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं. हे जायज की नाजायज ते आपल्या आलिमांना विचारा, आम्ही फक्त आकडे मांडले. रोख देणार असाल तर तीच सूट रोखीवर मागा. पुष्कळदा मिळते. घरातल्या घरात बिनव्याजी उसने किंवा जमातीची मदत मिळाली तर उत्तमच. लॅपटॉप वाटणाऱ्या जमातींना एक विनंती, दहा कमजोर नवे वाटण्याऐवजी आठ मजबूत आणि वॉरंटीवाले द्या.

घरी आणल्यावर गादीवर किंवा रजईवर ठेवून चालवू नका, खालची हवा अडते आणि मशीन तापतं. जुन्या घरांत अर्थिंग नसेल तर धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनांचा नीट पॉइंट करून घ्या.

आणि लॅपटॉप कितीही चांगला असला तरी प्रबंधाची एकच प्रत ठेवू नका. एक लॅपटॉपमध्ये, एक गूगल ड्राइव्हवर, जिथे १५ जीबी मोफत मिळतात, आणि एक बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग बसमध्ये राहिली तर दोन्ही जातात.